नाचाला सोवळे नेसवू नका

2022 साली एक छोटी चित्रफीत जगभर फिरली. साड्या नेसलेल्या तीन तरुणी, मागे लिल वेन या अमेरिकी रॅपरचे ‘अपरोर’ हे गाणे, आणि त्या गाण्यावर भरतनाट्यम आणि हिप-हॉप यांची अशी ये-जा की एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे कळायला चित्रफीत पुन्हा लावावी लागे. हे बसवणारी उषा जे ही पॅरिसमध्ये राहणारी, श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबातली नर्तकी. या मालिकेला तिने ‘हायब्रिड भरतम’ असे नाव दिले. मला ती चित्रफीत एकाच दिवशी चौघींनी पाठवली. चौघीही भरतनाट्यम शिकलेल्या. दोघींनी खाली आनंदाचे चार शब्द लिहिले होते. उरलेल्या दोघींनी एकच ओळ लिहिली होती, “बघ, काय चाललंय!”

त्यानंतर काही महिन्यांनी पुण्यात एका अरंगेत्रमला, म्हणजे शिष्येच्या पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाला, गेले. मुलगी सुरेख नाचली. वर्णम संपल्यावर प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. मुलीचे कौतुक त्यांनी दोन वाक्यांत उरकले आणि राहिलेला सगळा वेळ भरतनाट्यम आणि हिप-हॉपच्या या मिश्रणावर घालवला. ही भेसळ आहे. देवळातला नाच आणि रस्त्यावरचा नाच यांची सोयरीक होऊ शकत नाही. या मुलांना धड हेही येत नाही आणि धड तेही येत नाही. आणि ‘स्वतःची ओळख शोधणे’ हे तर परदेशात वाढलेल्यांचे चोचले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी उठून उत्तर दिले नाही, कारण तो दिवस त्या मुलीचा होता. ते उत्तर आज देते. ते एकट्या त्या पाहुण्यांना नाही. भरतनाट्यम शिकताना आणि पुढे शिकवताना हे चार आक्षेप मी इतक्या तोंडून ऐकले आहेत की आता ते कुणा एकाचे राहिलेले नाहीत. ते करणारे बहुतेक जण या कलेवर मनापासून प्रेम करतात, म्हणून त्यांना मुद्द्यानेच उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप भेसळीचा. दुधात पाणी घातले हे सिद्ध करायचे तर आधी निर्भेळ दूध दाखवावे लागते. भरतनाट्यमचे ते निर्भेळ दूध कोणत्या काळातले?

आज पुण्यातल्या, चेन्नईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या अरंगेत्रममध्ये अलारिप्पू, जतीस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना असा मार्गम नावाचा जो क्रम असतो, त्याची घडी बसवण्याचे श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांना दिले जाते. हे चौघे तंजावरच्या दरबारात होते आणि तिथे गादीवर होते दुसरे सरफोजीराजे, 1798 ते 1832. म्हणजे भोसले. मराठी माणसाने या वादात तोंड उघडण्याआधी तंजावरची आठवण ठेवली पाहिजे, कारण आपल्या भाषेचा आणि या नाचाचा संबंध तिथला आहे. सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. आचार्य पार्वतीकुमार या मराठी नृत्यगुरूंनी पुढे ती अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली. त्याच गादीवर शंभर वर्षे आधी बसलेल्या शहाजीराजांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ हे नाटक आहे. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकाच रंगमंचावर बोलल्या जातात. तमिळ मुलखात राज्य करणाऱ्या मराठी राजाला आपण कोण हा प्रश्न पडला असणारच. त्याचे उत्तर त्याने एक भाषा निवडून दिले नाही, पाचही भाषा नाचवून दिले.

त्याच तंजावरात इंग्रजी बँड वाजत होता. त्याच काळात मुथुस्वामी दीक्षितरांनी युरोपीय चालींवर संस्कृत रचना बांधल्या, त्यांना आजही ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. व्हायोलिन हे परके वाद्य कर्नाटक संगीतात रुजवणाऱ्यांत या चार भावांपैकी वडिवेलूंचे नाव घेतले जाते. तिल्लाना हे उत्तरेतल्या तराण्याचे दक्षिणेतले रूप आहे. जुन्या शब्दमांमध्ये राजाला केलेला ‘सलाम’ अजून जसाच्या तसा आहे. आपल्या मुली देवापुढे हात जोडून ज्या रचना नाचतात, त्यांत पर्शियन दरबाराचा मुजरा आहे, युरोपच्या वाद्याचा सूर आहे आणि मराठी राजाचा आश्रय आहे. यातले काही काढून टाकायचे म्हटले तर मार्गम उभे राहायचे नाही.

पुढची गोष्ट त्याहून जवळची. ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झाले ते 1930 च्या दशकात. त्याआधी याला सदिर म्हणत, आणि ते नाचत होत्या देवदासी घराण्यांतल्या स्त्रिया. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1935 मध्ये मद्रासला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात पहिला कार्यक्रम केला आणि पुढच्या वर्षी कलाक्षेत्राची स्थापना केली. त्यांनी पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळैंकडे शिक्षण घेतले. पण त्याआधी त्या बॅले शिकल्या होत्या, आणि आपल्या मातीतल्या नाचाकडे वळा हे त्यांना सुचवणारी होती ॲना पावलोव्हा ही रशियन बॅलेरिना. त्यांनी नर्तकीच्या मागे उभे राहून वाजवणाऱ्या वादकांना बाजूला बसवले, पोशाख बदलला, प्रकाशयोजना आणली, शृंगाराला आवर घातला. आज आपण ‘पारंपरिक’ म्हणून जे पाहतो त्यातला मोठा भाग या बदलांतून आला आहे. मी हे रुक्मिणीदेवींना दोष देण्यासाठी सांगत नाही. त्यांनी जे केले ते धाडसाचे होते आणि त्याचे फळ मीही खाल्ले आहे. माझे म्हणणे एवढेच की ज्या पिढीने नाचाचे नाव, पोशाख, जागा आणि नाचणाऱ्यांची जात इतके सगळे बदलले, तिच्या वारसांनी ‘बदल’ या शब्दाला दचकू नये.

आणि आपण दचकतही नाही. पुण्यात सुचेता भिडे-चापेकर यांनी भरतनाट्यम हिंदुस्थानी रागसंगीतावर बांधले आणि त्या प्रयोगाला ‘नृत्यगंगा’ नाव दिले. आपण त्याचे कौतुक केले, करायलाच हवे होते. परदेशी रंगमंचाची चौकट आपण घेतली, ध्वनिक्षेपक घेतला. कथक आणि फ्लामेंकोची जुगलबंदी झाली की वर्तमानपत्रे तिला ‘दोन संस्कृतींचा संवाद’ म्हणतात. मग हिप-हॉप आले की तोच संवाद भेसळ कसा होतो? बॅले चालते, फ्लामेंको चालते, ख्याल चालतो आणि हिप-हॉप जिथे जन्मले ते ब्रॉन्क्स तेवढे चालत नाही. म्हणजे आक्षेप मिसळण्याला नाहीच. कुणाशी मिसळले, त्याला आहे. पंगतीला कोण बसले यावरून ताट बाटते, ही आपली फार जुनी खोड आहे. या वादात कला हा शब्द वापरून आपण सोवळ्याचा हिशेब मांडतो आहोत, आणि तो मला मान्य नाही.

इथून दुसरा आक्षेप उघडा पडतो. रस्त्यावरच्या नाचाला शास्त्र नाही, म्हणे.

11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत जमैकाहून आलेल्या एका मुलाने आपल्या बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. तो डीजे कूल हर्क. गाण्यात गायन थांबून नुसता ताल उरतो तो तुकडा नाचणाऱ्यांना सगळ्यात आवडतो, हे त्याने हेरले होते. त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. एकच रेकॉर्ड दोन तबकड्यांवर लावून तो हा तुकडा लांबवायचा, आणि त्या ब्रेकवर नाचणारे ते ब्रेकर. भरतनाट्यमच्या जाणकाराला हे वाचून काही आठवायला हवे. वर्णममध्ये साहित्य, म्हणजे गाण्याचे शब्द, थांबते, नट्टुवनार, म्हणजे नृत्य चालवणारा गुरू, झांज घेऊन तालाचे बोल, म्हणजे जती, म्हणू लागतो आणि नर्तकी नुसत्या तालावर तीर्मानम करते. गाणे बाजूला सारून लयीला मोकळे मैदान देण्याची ही तहान दोन्हीकडे सारखी आहे. तंजावरच्या नट्टुवनाराला आणि ब्रॉन्क्सच्या पोराला ती आपापली सुचली.

ज्याला आपण सरसकट ‘हिप-हॉप’ म्हणून मोकळे होतो, त्यात घराणी आहेत. लॉकिंग लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलचे. पॉपिंग कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या बुगालू सॅमचे आणि त्याच्या मंडळीचे. त्यात स्नायू क्षणभर आवळून सोडायचा असतो, आणि तो कोणत्या ठोक्यावर आवळायचा याची शिस्त कथकच्या तिहाईइतकी काटेकोर आहे. क्रम्प लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात 2000 च्या सुमारास घडले, पाय आपटून, छाती झटकून. दुसऱ्याची चाल चोरून आपली म्हणून खपवणे याला तिथे ‘बाइटिंग’ म्हणतात, आणि तसे करणाऱ्याला सायफरमध्ये, म्हणजे नाचणाऱ्यांच्या रिंगणात, मान मिळत नाही. कुणाकडे शिकलास हे तिथेही विचारतात. आपण याला गुरू-शिष्य परंपरा म्हणतो आणि अभिमानाने सांगतो. दुसऱ्याच्या अंगणात तीच गोष्ट दिसली की ती आपल्याला ओळखू येत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश झाला, म्हणून ते मोठे झाले असे मी म्हणत नाही. ते आधीपासूनच मोठे होते.

शास्त्राचेच म्हणाल, तर आपले शास्त्रकार आपल्याइतके सोवळे नव्हते. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात. त्याच्या सातव्या अध्यायात नृत्य आहे. तिथे मार्गी नृत्याबरोबर देशी नृत्यही सविस्तर आहे, निरनिराळ्या प्रांतांतले, लोकांच्या आवडीचे. त्यात उत्प्लुतिकरणे आहेत, म्हणजे उडी घेऊन, अंग हवेत फिरवून करायच्या क्रिया. भरतमुनीच्या ‘नाट्यशास्त्रा’त नसलेले पण लोकांच्या अंगात असलेले असे पुष्कळ काही शार्ङ्गदेवाने पाहिले, मोजले, त्याला नावे दिली आणि ग्रंथात मानाने बसवले. लोक जे नाचतात ते पाहून शास्त्र वाढते, हे देवगिरीला कळत होते. ते आपण विसरलो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. धड हे नाही, धड ते नाही. खरेच, असे खूप पाहायला मिळते. चार मुद्रा आणि हिप-हॉपमधले दोन फ्रीझ, म्हणजे गोठलेले पवित्रे, जोडले, वर रिमिक्स लावले की झाले ‘फ्यूजन’. अरमंडीच्या, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीच्या, नावाखाली गुडघे जेमतेम वाकतात, हाताची बोटे ढिली, आणि हिप-हॉपच्या नावाखाली नुसती उसळी. हे वाईट आहे, आणि ते वाईट आहे असे म्हणण्यात मला संकोच नाही. पण वाईट वर्णमही मी खूप पाहिली आहेत. म्हणून कुणी वर्णमवर बंदी मागत नाही. कच्ची साधना ही नर्तकीची उणीव असते, प्रकाराच्या माथी ती मारता येत नाही.

दोन्ही नीट येण्यासाठी काय लागते ते मी जवळून पाहिले आहे. माझ्याकडे आठ वर्षे शिकणारी एक मुलगी संध्याकाळी त्याच हॉलमध्ये हिप-हॉपच्या वर्गाला जायला लागली. एक दिवस म्हणाली, “ताई, दोन्ही एकत्र बसवून बघू?” मी हो म्हटले, आणि आठ मात्रांच्या एका तुकड्यावर आमचे सहा आठवडे गेले. पहिली अडचण आली गुडघ्याची. अरमंडीत मांड्या बाहेर उघडतात, गुडघे पंजांच्या दिशेने बाजूला जातात, पाठ ताठ, आणि कमरेवरचे अंग जणू सुतात बांधलेले. हिप-हॉपच्या ग्रूव्हमध्ये गुडघे समोर वाकतात, छाती किंचित आत जाते, आणि शरीराचे वजन ठोक्याबरोबर खाली सोडायचे असते. एका मात्रेत इकडून तिकडे जायचे तर गुडघ्याबरोबर पाऊलही वळायला हवे. पाऊल तिथेच राहिले आणि गुडघा वळला, तर दुखापत ठरलेली. आम्ही तेवढे एक वळण आधी गाण्याशिवाय, भिंतीला हात लावून, दिवसाला दहा मिनिटे केले.

दुसरी अडचण लयीची होती, आणि ती जास्त खोल होती. दोन्हीकडे मोजणी आठच मात्रांची. पण आदितालात सगळा ओढा समेकडे असतो, पहिल्या मात्रेकडे. शरीर तिकडे धाव घेते आणि तिथे पोचल्यावर निवांत होते. हिप-हॉपमध्ये ठसका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, जिथे ड्रमचा कडक आवाज पडतो तिथे. त्या मुलीचे पाय समेवर जात आणि खांदे दुसऱ्या ठोक्यावर. “ताई, सम सापडते, पण खांदे ऐकतच नाहीत,” असे म्हणून एकदा ती खाली बसली आणि रडली. पाचव्या आठवड्यात कधीतरी ते जमले. तेव्हा मी जे पाहिले ते आजवर विसरलेले नाही. पाय समेवर येऊन थांबले, आणि खांद्यांनी ती सम तिथेच न सोडता पुढच्या ठोक्याच्या हवाली केली. आणि नंतरच्या महिन्यात तिची नेहमीची अरमंडी आधीपेक्षा खाली बसू लागली, कारण वजन खाली सोडणे म्हणजे काय हे आता तिच्या शरीराला कळले होते. हिप-हॉपने तिचे भरतनाट्यम बिघडवले नाही. मी जे आठ वर्षे तोंडाने सांगत होते, ते तिला तिकडे उमगले.

मोठ्यांची उदाहरणे हेच सांगतात. कथकचे पंडित चित्रेश दास आणि आफ्रिकन-अमेरिकन टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी ‘इंडिया जाझ स्वीट्स’ हा कार्यक्रम देशोदेशी केला. एक अनवाणी, पायात घुंगरू. दुसऱ्याच्या बुटाला धातूची पत्री. वयात पिढीचे अंतर. दोघांनी एकमेकांचा नाच उचलून आपल्या अंगाला चिकटवला नाही. एकाने बोल टाकायचा, दुसऱ्याने तो आपल्या पायांनी परतवायचा. सवाल-जवाबाची आपली जुनी रीत, फक्त जवाब दुसऱ्या खंडातून येत होता. उषा जेही दोन नाचांचा लगदा करत नाही. ती एकातून दुसऱ्यात जाते आणि परत येते, आणि दोन्ही घरांच्या भिंती उभ्या राहतात. दोन भाषा बोलणाऱ्या घरातले मूल असेच बोलते. आजीशी एका भाषेत, शेजारच्या मित्राशी दुसऱ्या, आणि रागावले की तिसऱ्याच वाक्यात दोन्ही. त्याला कुणी भाषा येत नाही असे म्हणत नाही.

आता चौथा आक्षेप, ओळखीचा. हे चोचले आहेत असे म्हणणाऱ्यांनी 1983 चा जुलै आठवावा. श्रीलंकेत तमिळांची कत्तल झाली, यादवी युद्ध पेटले ते 2009 पर्यंत चालले, आणि लाखो तमिळ जगभर विखुरले. पॅरिसमध्ये ला शापेल भागात त्यांची दुकाने उभी राहिली. घर गेले, गाव गेले, जमीन गेली. सोबत नेता आले ते भाषा, देव, स्वयंपाक आणि नाच. अशा घरात मुलगी अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ हालचाली, शिकते तेव्हा तिच्या अंगात गेलेला गाव साठवला जात असतो. आणि तीच मुलगी दाराबाहेर पडते तेव्हा फ्रान्सच्या उपनगरांत आफ्रिकी आणि अरब कुटुंबांतली मुले हिप-हॉप नाचत असतात. फ्रान्समध्ये 1984 मध्येच त्याचा दूरचित्रवाणीवर साप्ताहिक कार्यक्रम होता, तेव्हापासून ते तिथल्या स्थलांतरितांच्या मुलांचे झाले. ‘तुम्ही इथले नाही’ हे रोज ऐकणाऱ्यांनी आपसांत उभारलेली ती जागा आहे. या मुलीचे एक घर आतले, एक बाहेरचे. आई-बापांनी जीव वाचवण्यासाठी देश सोडला, तेव्हा या दोन घरांतले एक निवड असे तिला सांगणारे आपण कोण?

यात एक गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. उषा जे आधी हिप-हॉप नाचत होती, भरतनाट्यम तिने नंतर शिकायला घेतले. म्हणजे आपल्या मुली रस्त्याकडे पळून चालल्या आहेत हा जो घोर सभागृहांना लागला आहे, तो या बाबतीत उलटा आहे. इथे रस्त्यावरून एक जण आपल्या दाराशी आली आहे, आणि येताना तिच्यामागे जगभरची पोरे आली आहेत, ज्यांनी तोवर अरमंडी हा शब्द ऐकला नव्हता. दार लावून घेण्याची ही वेळ नव्हे.

ब्रिटनमध्ये अक्रम खान यांनी तर याच प्रश्नावर आपली सगळी वाट घडवली. लंडनमध्ये बांगलादेशी कुटुंबात जन्म, प्रताप पवारांकडे कथकचे कडक शिक्षण, आणि मग समकालीन नृत्य. 2005 च्या ‘झीरो डिग्रीज’मध्ये ते आणि सिदी लार्बी शेरकावी हे मोरोक्कन वडिलांचे बेल्जियन नर्तक बांगलादेश-भारत सीमेवर हातातून पासपोर्ट गेल्याची हकिगत सांगतात. कागद हातात नसला की माणूस कोण उरतो, हा प्रश्न तिथे अंगाने विचारला जातो. याला चोचले म्हणायचे असेल तर आपल्या संतांनी ‘मी कोण’ विचारले त्यालाही म्हणावे लागेल.

आणि ओळखीचा प्रश्न परदेशातच पडतो असे कुणी सांगितले? वसई-नालासोपाऱ्याच्या पोरांनी उभी केलेली ‘द किंग्ज’ ही मंडळी 2019 मध्ये अमेरिकेतल्या ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ स्पर्धेत जिंकली. भाईंदरकडच्या वस्तीतली ‘व्ही अनबीटेबल’ पुढच्या वर्षी ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स’ जिंकून आली. या मुलांच्या नाचाला आपण ‘स्टंट’ म्हणतो. पण शास्त्रीय नाचाचे दार त्यांच्यासाठी कधी उघडे होते? अरंगेत्रमला हॉल, वादक, पोशाख, दागिने, जेवणावळ, सगळे मिळून लागणारा पैसा रिक्षाचालकाच्या घरात कुठून येणार? रस्ता त्यांनी आवडीने निवडला असेलही, पण दुसरीकडे जागा होती असे आपण म्हणू नये.

आता ज्यांची बाजू मी इतका वेळ घेतली, त्यांच्याशीही दोन स्पष्ट शब्द बोलायचे आहेत. मिसळण्याचा हक्क मागताना दोन कर्जे मान्य करावी लागतात. भरतनाट्यम घेतलेत, तर ते ज्या स्त्रियांनी टिकवले त्यांचे नाव घ्या. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये आणि मद्रासमध्ये 1947 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. त्या प्रथेतले शोषण थांबायलाच हवे होते. पण त्याच सुमारास त्या घराण्यांच्या हातून त्यांचा नाचही गेला आणि तो प्रतिष्ठित घरांतल्या मुलींच्या पायी आला. त्याच परंपरेतल्या बालसरस्वतींनी आयुष्यभर शृंगाराची बाजू मांडली, आणि त्यांच्या अभिनयापुढे जग नमले. तसेच हिप-हॉप घेतलेत, तर ते कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन मुलांनी जळक्या इमारतींच्या वस्तीत घडवले हे सांगा. त्यांची चाल घ्यायची, त्यांचे कपडे घ्यायचे आणि घरी त्यांच्या रंगावरून बोलायचे, ही आपल्या समाजातली लाज आहे. ओळख शोधणाऱ्याने दुसऱ्याची ओळख पुसू नये.

दुसरे, तीस सेकंदांत मावते तेवढेच शिकू नका. अडवू आणि फ्रीझ पडद्यावर चमकतात, पदम चमकत नाही. एका ओळीवर दहा मिनिटे बसून, भुवई किती उचलायची आणि नजर कधी खाली सोडायची याचा अभ्यास करणारी मुलगी रीलमध्ये दिसत नाही. या मिश्रणातून अभिनय गळून पडला तर तोटा फार मोठा असेल, आणि ती भीती मला खरी वाटते. त्यावर उपाय एकच, पूर्ण शिक्षण. दोन्हीकडचे.

म्हणून नृत्यगुरूंना, सभांच्या आयोजकांना आणि त्या प्रमुख पाहुण्यांनाही माझी विनंती आहे. पुढच्या वेळी असा नाच समोर आला तर आधी गुडघे बघा. सम बघा. नर्तकीला तिच्या दोन्ही गुरूंची नावे विचारा, आणि ती तिने आपण होऊन घेतली का हेही बघा. यात खोट निघाली तर खुशाल बोल लावा, मीही तुमच्या सोबत बोलेन. पण हा नाच कुणाच्या वस्तीतून आला एवढ्यावरून त्याला उंबऱ्याबाहेर उभा करू नका. असे बाहेर काढलेल्यांच्या हातूनच भरतनाट्यम आपल्यापर्यंत आले आहे.